बिऱ्हाड पाठीवर, नकाशा हातात

बालमित्रांनो, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्हाला माहीत असेलच. ज्याचा संसार त्याच्याबरोबरच हिंडतो, त्याच्याबद्दल आपण असं म्हणतो. माळावरून धनगरांचे वाडे जाताना तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील. पुढे मेंढरं, मागे घोड्यावर भांडीकुंडी, आणि त्या सगळ्याच्या वर ऐटीत बसलेलं एखादं पोर!

अमेरिकेत असंच एक बिऱ्हाड असतं, पण ते घोड्यावर नसतं, चाकांवर असतं. तिकडे त्याला मोटारहोम म्हणतात. आपण मोटारघर म्हणू या. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोलीच म्हणा ना! आत छोटा ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, जेवायचं टेबल, झोपायच्या जागा, एवढंच काय, न्हाणीघर आणि संडाससुद्धा. काही मोटारघरांत तर ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना असतो. तिथे कोणी झोपायचं यावरून भावंडांची भांडणं ठरलेलीच.

हे सगळं आज सांगायला एक कारण घडलं. आमच्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचा काका न्यू जर्सीत असतो. येत्या जूनमध्ये तिचे आजी-आजोबा त्याच्याकडे जाणार आहेत. काकानं ठरवलंय, की मोटारघर भाड्यानं घ्यायचं आणि काका, काकू, त्यांची दोन मुलं, आजी आणि आजोबा अशा सहाजणांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जायचं. दिवस मिळणार एकवीस. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्जत-लोणावळा घाटात गाडीला मागून रेटा द्यायला जे जादा इंजिन लावतात ना, बँकर म्हणतात त्याला, ते त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेलं. त्यामुळे त्यांची अट एकच, वाटेत आगगाड्या हव्यात! काकानं फोनवर पुतणीला सांगितलं, "तुला नकाशे आवडतात ना? मग योजना तूच कर."

"पण बाई," ती म्हणाली, "मी तर जाणार नाहीये. तरी करू?"

मी म्हटलं, "कर की! आपण सगळेच करू."

दोन रकाने

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'पाहायचं', दुसऱ्यावर 'सोडायचं'. पहिला रकाना पाच मिनिटांत भरला. नायगाराचा धबधबा, शिकागो, यलोस्टोनचे गरम पाण्याचे फवारे, ग्लेशियर नॅशनल पार्क, पाइक्स पीक, ग्रँड कॅन्यन... पोरं नुसती ओरडत होती. दुसरा रकाना मात्र कोरा.

"बाई, सोडायचं कशाला?" एकानं विचारलं.

मग मी दोऱ्याचं रीळ काढलं. ही युक्ती तुम्हीही करून पाहा. नकाशावर न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत दोरा ताणून धरला, पट्टीवर मोजला आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणाशी ताडला. उत्तर आलं साधारण ४,००० किलोमीटर. पण रस्ता काही दोऱ्यासारखा ताठ नसतो. तो वळतो, डोंगराला वळसा घालतो. सरळ जाणारा रस्ता धरला तरी सुमारे ४,५०० किलोमीटर होतात आणि आवडीची ठिकाणं जोडत गेलं की ४,८००. मुंबई ते नागपूर रेल्वेनं ८३७ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई-नागपूर जवळजवळ सहा वेळा!

अमेरिका मोटारनं पहिल्यांदा कोणी ओलांडली, ठाऊक आहे? होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या एका डॉक्टरनं, १९०३ साली. पन्नास डॉलरची पैज लागली होती. बरोबर एक मेकॅनिक होता आणि वाटेत घेतलेला बड नावाचा बुलडॉग. उघड्या मोटारीत धूळ उडायची, म्हणून त्या कुत्र्यालासुद्धा चष्मा घातला होता! सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला पोचायला त्यांना ६३ दिवस लागले. आपल्याकडे आहेत २१. रस्ते आता उत्तम आहेत, पण मोटारघर म्हणजे काही शर्यतीची गाडी नव्हे. एक लिटर तेलात ते साधारण साडेतीन किलोमीटर जातं. ४,८०० किलोमीटरला किती लिटर लागेल, ते तुम्हीच काढा. (आमच्या वर्गाचं उत्तर आलं जवळजवळ १,४०० लिटर, आणि एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यापेक्षा घोडा बरा.")

तिकडच्या अनुभवी लोकांचा एक नियम आहे. दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त जायचं नाही आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचायचं. का? तर एवढी मोठी गाडी अंधारात, अनोळखी जागी मागे घेऊन लावणं अवघड. शिवाय चालवणारा दमलेला असतो. ४,८०० किलोमीटर म्हणजे ३,००० मैल. भागिले ३००, म्हणजे दहा दिवस. पण डोंगरात ३०० मैल होत नाहीत, म्हणून धरले बारा. एकवीस वजा बारा, उरले किती? नऊ.

"नऊच?" वर्ग एकदम गप्प झाला. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई, दुसरा रकाना भरू या."

कात्री लागली

नायगारा आधी गेला. तो न्यू जर्सीहून फार लांब नाही, काका नंतर कधीही दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून नेऊ शकतो. शिकागोही तसंच, विमानानं गाठता येतं. यलोस्टोनवरून मात्र मोठं भांडण झालं. ते १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि अशा उद्यानांची सुरुवातच तिथून झाली. पण ते आपल्या वाटेपासून दूर, उत्तरेला. डेन्व्हरहून जाऊन-येऊन हजार मैलांच्या वर. म्हणजे नऊपैकी चार दिवस नुसते रस्त्यावर. जड हातानं खोडलं.

ग्लेशियर पार्कमधल्या एका रस्त्याचं नाव आहे 'गोइंग टू द सन रोड', म्हणजे सूर्याकडे जाणारा रस्ता. ते नाव ऐकून एक मुलगा हट्टालाच पेटला. तो रस्ता १९३३ साली खुला झाला, कडेकपारीतून काढलेला आणि अरुंद. त्यामुळे डोंगरातल्या मुख्य भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. काकाचं मोटारघर २८ फुटी! "म्हणजे रस्ता चांगलाय, पण आपलं घर मोठंय," असं म्हणून त्यानं स्वतःच डस्टर घेतलं.

ह्यावरून एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. मोटारघर घेऊन निघायचं तर नुसता रस्ता कुठे जातो ते पाहून भागत नाही. आपली गाडी त्यावर मावते का, हेही पाहावं लागतं. लांबी, रुंदी आणि उंचीसुद्धा. न्यूयॉर्कच्या आसपास 'पार्कवे' नावाचे जुने रस्ते आहेत. त्यांच्यावरचे काही पूल इतके ठेंगणे, की उंच गाडीचं टप्परच उडेल. म्हणून मुलांनी काकाला निरोप दिला: गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा.

आजोबा वर्गात आले

आता उरला पाइक्स पीक. कोलोरॅडो राज्यातलं हे शिखर ४,३०२ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यापर्यंत आगगाडी जाते. १८९१ सालापासून! रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि गाडीखाली दातेरी चाक. दाते दात्यांत अडकतात, म्हणून इतक्या खड्या चढावरही गाडी घसरत नाही. आपल्या निलगिरीच्या गाडीतही हीच युक्ती आहे. मधे काही वर्षं ती बंद होती, सगळी नवी करून २०२१ साली पुन्हा सुरू झाली. आगगाडीच्या अटीवर ह्याहून चांगलं उत्तर कुठलं?

पण ती मुलगी म्हणाली, "आजीला दमा आहे."

मग आम्ही हवेचा धडा काढला. जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होत जाते. ४,३०० मीटरवर एका श्वासात समुद्रकाठच्या मानानं साधारण सहा दशांशच प्राणवायू मिळतो. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. वर्गाचे दोन तट पडले. निम्मे म्हणाले, आजोबांनी एकट्यानं जावं, आजी खाली थांबेल. निम्मे म्हणाले, असं कसं?

शनिवारी आजोबांनाच वर्गात बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, वर जाऊन मी बोलू कोणाशी? चाळीस वर्षं मी ड्यूटीवर आणि ही घरी. आता पुन्हा तेच करायचं?" आणि खडू घेऊन त्यांनी पाइक्स पीक 'सोडायचं'मध्ये लिहून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या यादीत हॉर्सशू कर्व्ह का नाही?"

आम्हा कोणालाच हे नाव माहीत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात अल्टूना गावाजवळ डोंगर चढताना लोहमार्ग घोड्याच्या नालेसारखा वळतो. म्हणून हे नाव. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली आणि हे वळण खुलं झालं पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये. बहुतेक आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यानं खणून काढलेलं. आपल्या बोरघाटात ३७ मीटर गेलं की १ मीटर चढ येतो. तिथला चढ त्याहून सौम्य, पण मालगाड्या अवाढव्य. म्हणून तिथेही आजसुद्धा जादा इंजिनं लावतात.

"म्हणजे तिथेही बँकर!" मुलं ओरडली.

"तर! मला ते चालताना पाहायचंय. तिथे आपल्याला गाडीत बसायचंच नाही. नुसतं गवतावर बसून पाहायचं," आजोबा म्हणाले. त्या ठिकाणी लोकांना गाड्या बघत बसता यावं म्हणून बाग केलेली आहे. मुलांना अमेरिकेतलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण हवं होतं आणि आजोबांना त्यांच्या ओळखीचं. विचारलं नसतं तर कळलं असतं का?

चालवणाऱ्याची सुट्टी

एवढ्यात त्या मुलीनं एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "बाई, सगळे खिडकीतून बघणार. पण काका तर गाडी चालवणार. मग त्याला काय दिसणार?"

खरंच की! घाटात चालवणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो. ह्यावर उपाय काय? आगगाडी! बिऱ्हाड खाली ठेवायचं आणि सगळ्यांनी, काकानंसुद्धा, खिडकीशी बसायचं. हे सुचल्यावर पुढच्या दोन्ही गाड्या चुटकीसरशी ठरल्या.

पहिली, ड्युरँगो ते सिल्व्हरटन. कोलोरॅडोच्या डोंगरात चांदी-सोन्याच्या खाणी सापडल्या. तो माल खाली आणायला ही गाडी १८८२ साली सुरू झाली. अंतर ७२ किलोमीटर आणि वेळ साडेतीन तासांच्या आसपास. अगदी ॲनिमस नदीच्या काठाकाठानं, वाफेच्या इंजिनानं! पूर्वी ही इंजिनं कोळशावर चालत. कोरड्या जंगलात ठिणगीची भीती नको म्हणून आता ती तेल जाळून वाफ करतात. तिथले रूळ फक्त ३ फूट रुंद, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपल्या मोठ्या गाड्यांचे १,६७६. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीचे तर अवघे ६१०. डोंगरात रूळ अरुंद का ठेवतात? अरुंद गाडी छोट्या वळणात वळू शकते. मग डोंगर कमी फोडावा लागतो आणि खर्चही वाचतो. सिल्व्हरटनच्या पुढचा घाटरस्ता तर इतका अवघड, की कित्येक ठिकाणी कडेला कठडाही नाही. तिथे मोटारघर न्यायचंच कशाला?

दुसरी गाडी ॲरिझोनातल्या विल्यम्स गावाहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठापर्यंत जाते. १०३ किलोमीटर, सव्वादोन तास. ही १९०१ साली सुरू झाली. पुढे लोक मोटारींनी जाऊ लागले आणि १९६८ मध्ये प्रवासी गाडी बंद पडली. १९८९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आता तेच लोक मोटारी विल्यम्सला ठेवून गाडीत बसतात! गाडीतून उतरून थोडं चाललं की समोर दरी. सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल. कोलोरॅडो नदीनं लाखो वर्षं खडक कापून केलेली.

आता आजीचं काय? ड्युरँगो १,९९० मीटरवर, सिल्व्हरटन २,८४० मीटरवर. आणि ड्युरँगोला जायला वुल्फ क्रीक ही खिंड ओलांडावी लागते, सुमारे ३,३०० मीटर, म्हणजे दोन कळसूबाई! म्हणून त्यांनी आधी आजीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळूहळू चढा, खिंडीत मुक्काम करू नका, श्वासाचं औषध हाताशी ठेवा आणि त्रास वाटला तर सरळ खाली या. मुलांनी योजनेत त्यापुढे 'नाहीतर' असं लिहून टाकलं: नाहीतर आजी आणि काकू ड्युरँगोतच नदीकाठी थांबतील. आजोबांनीही काकासाठी एक सूचना दिली. "उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, तापतो. खालचा गिअर टाक. चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ड्रायव्हरची."

दहा बादल्या आणि एक हरवलेला तास

मोटारघरात पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची असते. आपली बादली पंधरा लिटरची धरली तर दहा बादल्या. माणसं सहा. त्यात अंघोळ, भांडी, सगळं! म्हणून मुक्कामाला तळ शोधायचे ते पाणी आणि वीज जोडायची सोय असलेले. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी, आणि दोन्ही ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. रानात कुठेही ओतायचं नाही. आणखी एक, गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचं. "म्हणजे चालत्या गाडीत चहा नाही?" असं आजीनं विचारल्याचं कळलं. नाही हो आजी. गाडी थांबवून मग चहा.

घड्याळाची तर गंमतच आहे. आपल्या देशात सगळीकडे एकच वेळ. तिकडे किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत चार वेळा. त्यातही उन्हाळ्यात बहुतेक राज्यं घड्याळ एक तास पुढे करतात, पण ॲरिझोना करत नाही. आणि ॲरिझोनातच जो नाव्हाहो लोकांचा प्रदेश आहे, तिथले लोक मात्र करतात! आता हे गणित सोडवा. नाव्हाहो प्रदेशातल्या मॉन्युमेंट व्हॅलीहून सकाळी आठला निघालो, वाटेत थांबत साडेचार तास प्रवास केला आणि विल्यम्सला पोचलो, तर तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? साडेबारा नव्हे, साडेअकरा! उलट दिशेनं जाणाऱ्याचा हाच तास बुडतो आणि त्याची गाडी चुकू शकते.

शेवटी फळ्यावर योजना तयार झाली ती अशी:

दिवस १ : न्यू जर्सी ते अल्टूना. संध्याकाळी हॉर्सशू कर्व्ह.
दिवस २ ते ६ : ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस ओलांडून कोलोरॅडोतलं प्वेब्लो. नुसता प्रवास.
दिवस ७ : अलामोसा. उंचीची सवय.
दिवस ८ : जवळच्या ग्रेट सँड ड्यून्सचे वाळूचे डोंगर.
दिवस ९ : खिंड ओलांडून ड्युरँगो.
दिवस १० ते १२ : एक दिवस आगगाडी, एक दिवस मेसा व्हर्देची कड्याच्या कपारीतली जुनी घरं, एक दिवस कपडे धुणं आणि विश्रांती.
दिवस १३, १४ : मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत प्रवास आणि एक दिवस मुक्काम.
दिवस १५ ते १७ : विल्यम्सपर्यंत प्रवास, मग ग्रँड कॅन्यनची गाडी आणि एक दिवस आराम.
दिवस १८, १९ : सांता मोनिका. समुद्र!

"बाई, हे तर एकोणीसच झाले," एकजण म्हणाला. बरोबर. उरलेल्या दोन दिवसांपुढे आम्ही शून्य लिहिलंय. टायर पंक्चर झाला, कोणाला ताप आला, वादळ आलं किंवा एखादी जागा इतकी आवडली की पाय निघेना, तर हे दिवस कामी येतील. काहीच झालं नाही तर समुद्रावर बसायचं! मात्र गाड्यांची तिकिटं आणि तळांच्या जागा आधीच राखून ठेवायला हव्यात. ४ जुलैला त्यांचा स्वातंत्र्यदिन असतो, तेव्हा तर फारच गर्दी होते.

योजना काकाला गेली. काकाचा फोन आला, तेव्हा तो पुतणीला विचारत होता, "ह्या वुल्फ क्रीकच्या आधी तेल भरायला कुठे थांबू?" तिनं नकाशा न बघता गाव सांगितलं! आजोबांना तिनं एक कामही दिलंय. हॉर्सशू कर्व्हला बँकर किती डबे ढकलतात ते मोजून यायचं. वर्गातल्या नकाशावर आम्ही दोरा लावून ठेवलाय. ते निघाले की रोज टाचणी पुढे सरकवायची.

आता तुमचा गृहपाठ. तीन दिवसांची एक सहल आखा, आपल्याच जिल्ह्यातली किंवा शेजारच्या. एक तरी प्रवास आगगाडीचा किंवा एस.टी.चा हवा, म्हणजे तुमच्याकडे जो गाडी चालवतो त्यालाही खिडकी मिळेल. फळ्यावर नाही तर वहीवर दोन रकाने करा. आणि लिहायला बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय पाहायचंय आणि तुला कशाचा त्रास होतो? आईला आणि आजीला तर आधी विचारा. 'सोडायचं'चा रकाना भरला की मगच योजना माझ्याकडे पाठवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!